अँजिओग्राफी साफ, तरी छाती का दुखते? रक्तवाहिनीचा 'पेटका', खानदानी धोका आणि आपल्या हातातल्या गोष्टी

आमच्या ओळखीच्या एका घरातली ही गोष्ट. घरातला कर्ता भाऊ, वय ४६. छोटं दुकान, दिवसभर उभ्याचं काम, दिवसाला आठ-दहा सिगारेटी. मागच्या हिवाळ्यात फजरला उठला, थंड पाण्याने वजू केला आणि छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं. घाम फुटला, डावा हात जड पडला. दहा मिनिटांत सगळं गायब. घरच्यांनी गॅसची गोळी दिली.

चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा पहाटेच. सकाळी अकराला दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. पुढे अँजिओग्राफी झाली. 'ब्लॉकेज नाही, टेन्शन घेऊ नका' असं सांगून घरी पाठवलं. घरात कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं धंद्याची काळजी. दुखणं मात्र थांबेना. तिसऱ्या वेळी दुखत असतानाच ईसीजी निघाला आणि त्यात स्पष्ट बदल दिसले. डॉक्टर म्हणाले, हा हृदयाच्या रक्तवाहिनीचा स्पाझम आहे.

मग घरात दुसरा प्रश्न उभा राहिला. अब्बा पन्नाशीत झोपेतच गेले होते. तेव्हा कुणी काही तपासलं नव्हतं. आता धाकटा भाऊ विचारतो, 'अब्बा गेले, भाईला झालं, म्हणजे माझाही नंबर लागणार का?' आणि घरातल्या मोठ्यांना वेगळीच चिंता. बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत, हे बाहेर सांगू नका.

ही दोन्ही वाक्यं आपल्या किती तरी घरांत ऐकू येतात. म्हणून आज आपण हा आजार नीट समजून घेऊ, त्यातला खानदानी भाग किती आणि आपल्या हातातला भाग किती तेही पाहू.

पेटका म्हणजे नेमकं काय?

रात्री झोपेत पोटरीला गोळा येतो, तो अनुभव बहुतेकांना आहे. स्नायू अचानक आखडतो, जीव जातो की काय असं वाटतं, आणि थोड्या वेळाने सुटतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीतही स्नायूंचा एक थर असतो. तो अचानक आखडला तर नळी आतून चिमटल्यासारखी बंद होते. हृदयाला रक्त कमी पडतं आणि छातीत दुखतं. काही मिनिटांत आखडलेला स्नायू सैल पडतो, रक्त पुन्हा वाहू लागतं. नंतर तपासलं तर नळी मोकळीच दिसते.

नेहमीचं ब्लॉकेज वेगळं. त्यात चरबी आणि कॅल्शियमचा थर वर्षानुवर्षं साचून नळी अरुंद होते. त्यामुळे जिना चढताना, ओझं उचलताना, भरभर चालताना दुखतं आणि थांबलं की बरं वाटतं. पेटक्याचं दुखणं उलट आहे. ते आराम करताना येतं, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या वेळात जास्त येतं. हाच माणूस दुपारी तीन मजले चढतो आणि त्याला काही होत नाही. म्हणून घरचे म्हणतात, 'नाटक करतोय.'

अमेरिकेतले डॉक्टर मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला प्रिन्झमेटल अंजायना असंही म्हणतात. काही रुग्णांत थोडं ब्लॉकेज आणि पेटका दोन्ही एकत्र असतात.

पेटका सुटतो म्हणून तो किरकोळ समजू नये. तो लांबला तर हार्ट अटॅक येऊ शकतो. पेटक्याच्या वेळी हृदयाचे ठोके बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, क्वचित जीवही जाऊ शकतो. पण चांगली गोष्ट अशी की आजार ओळखला, औषध नियमित घेतलं आणि तंबाखू सोडली तर बहुतेक रुग्ण चांगलं आयुष्य जगतात. खरा धोका आजार न ओळखण्यात आहे.

पहाटेच का?

पहाटेच्या वेळी शरीरातल्या नसांचा आणि हार्मोनचा ताल बदलत असतो आणि धमन्यांचा ताण वाढलेला असतो. त्यात थंडीची भर पडली तर आखडलेल्या धमनीला निमित्तच मिळतं. आपल्या घरांत हीच वेळ उठण्याची असते. गरम अंथरुणातून उठून गार पाण्याला हात लावायचा आणि थंड हवेत मशिदीकडे निघायचं. ज्याला पेटक्याचा त्रास आहे त्याने हिवाळ्यात वजूसाठी कोमट पाणी घ्यावं, अंथरुणातून एकदम न उठता दोन मिनिटं बसावं, छाती आणि कान झाकून बाहेर पडावं. नमाज सोडा असं कुणी सांगत नाही, फक्त शरीराला झटका देऊ नका.

इतर निमित्तं अशी आहेत : सिगारेट, बिडी, हुक्का, खूप राग किंवा धक्का, घाबरून भरभर श्वास घेणं, दारू आणि कोकेनसारखे अमली पदार्थ. काही औषधंही त्रास वाढवू शकतात. अर्धशिशीच्या काही गोळ्या, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, आणि हात थरथरणं किंवा धडधड यासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी. म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेऊ नका आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'मला स्पाझमचा त्रास आहे' हे आधी सांगा.

तपासणी का चुकते?

कारण आपण दुखणं थांबल्यावर दवाखान्यात पोहोचतो. दोन पेटक्यांच्या मधल्या काळात ईसीजी नॉर्मल असू शकतो. अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसत नाही. म्हणून 'काहीच नाही' असा निष्कर्ष निघतो. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं. त्यांच्या छातीतल्या दुखण्याला 'टेन्शन', 'अशक्तपणा' अशी नावं सहज दिली जातात.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. दुखणं किती वाजता आलं, त्या वेळी काय करत होता, आणि किती मिनिटं टिकलं. जिभेखालच्या गोळीने थांबलं का, तेही लिहा. गरज वाटली तर डॉक्टर २४ तास किंवा जास्त वेळ ईसीजी नोंदवणारं होल्टर यंत्र लावतात. मोठ्या हृदयरोग केंद्रांत अँजिओग्राफीच्या वेळीच विशिष्ट औषध देऊन पेटका येतो का ते पाहण्याची चाचणीही करता येते. 'अँजिओग्राफी साफ आहे, मग दुखणं स्पाझमचं असू शकतं का?' हा एक प्रश्न विचारायला घाबरू नका. तो विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

खानदानी धोका किती?

आता धाकट्या भावाच्या प्रश्नाकडे येऊ. धमनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात तयार होत असतो. तो धमनीच्या स्नायूला 'सैल हो' असा निरोप देतो. या शोधासाठी १९९८ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा वायू बनवण्याचं काम एक एन्झाइम करतं आणि त्या एन्झाइमची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. ते जनुक म्हणजे 'एनओएस थ्री'. जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात दाखवलं की पेटका येणाऱ्या काही रुग्णांत या जनुकात एक छोटा बदल असतो. त्या बदलामुळे एन्झाइम कमी बनतं, वायू कमी बनतो आणि धमनी आखडायला लवकर तयार होते.

जपान आणि कोरियात हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आढळतो, म्हणून बरंचसं संशोधन तिथलंच आहे. तिथे आणखी एक जनुक सापडलं, 'एएलडीएच टू'. पूर्व आशियातल्या दर दहा माणसांत तीन-चार जणांमध्ये त्याचा कमजोर प्रकार असतो. दारूचा घोट घेतला की त्यांचा चेहरा लालबुंद होतो, कारण दारूपासून तयार होणारं विषारी रसायन त्यांचं शरीर लवकर मोडू शकत नाही. सिगारेटच्या धुरातली तशीच रसायनंही त्यांच्या शरीरात साचतात. हा बदल असलेल्यांत पेटक्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि त्यात सिगारेटची भर पडली की धोका आणखी वाढला. भारतात हा विशिष्ट बदल दुर्मिळ आहे. पण त्यातून मिळणारा धडा आपल्यालाही लागू आहे : जनुक आणि धूर एकत्र आले की नुकसान वाढतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पेटका हा एका जनुकाचा, म्हणजे 'बापाला होता, म्हणून मुलाला होणारच' असा आजार नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा, आणि त्यावर सवयींचा मोठा वाटा. घरात पेटक्याचा रुग्ण असेल तर भावंडांनी आणि मुलांनी सावध राहावं, पण घाबरून बसू नये. ज्यांना अर्धशिशी आहे किंवा थंडीत बोटं पांढरी पडतात, त्यांच्या धमन्यांचा स्वभावही आखडण्याचा असू शकतो. अशांना पहाटे छातीत दुखलं तर डॉक्टरांना हेही सांगावं.

आपल्या घरांसाठी ब्लॉकेजचा खानदानी धोका हा आणखी मोठा विषय आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतर देशांतल्यांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो. आपल्या लोकांत लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला घटक बऱ्याच जणांत जास्त असतो आणि त्याचं प्रमाण मुख्यतः जनुकांवर ठरतं. आयुष्यात एकदा त्याची तपासणी करून घेतली तर पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे खानदानी कोलेस्टेरॉल. जगात साधारण दर अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १९० च्या वर असेल तर ही शंका घ्यावी. आई-वडील दोघांकडे हा दोष असेल तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता अशी की दोन्हीकडून दोष येईल आणि लहानपणापासूनच गंभीर त्रास सुरू होईल. चुलत-मावस नात्यात लग्न ठरवताना दोघांचं रक्त एकाच खानदानाचं असतं, म्हणून तिथे ही शक्यता वाढते. अशा घरांत लग्नाआधी दोघांची कोलेस्टेरॉलची साधी तपासणी करून घेणं शहाणपणाचं आहे. ही तपासणी महाग नाही.

बाजारात आता जनुक तपासणीच्या किट मिळतात. पेटक्यासाठी त्यावर हजारो रुपये घालवायची गरज नाही. त्याहून जास्त उपयोगी अशी एक गोष्ट फुकटात होते. खानदानाचा कागद. आजोबा-आजी, अम्मी-अब्बा, चाचा, मामू, फुफू, खाला : कुणाला हृदयाचा त्रास झाला, कितव्या वर्षी, कुणी झोपेत अचानक गेलं का, कुणाला शुगर किंवा बीपी. पुरुषाला ५५ च्या आधी किंवा बाईला ६५ च्या आधी हृदयरोग झाला असेल तर त्या नोंदीखाली रेघ मारा आणि डॉक्टरांना तो कागद दाखवा.

इथेच लपवण्याचा प्रश्न येतो. सोयरिकीच्या भीतीने आजार झाकला की सर्वात मोठं नुकसान आपल्याच मुलांचं होतं. डॉक्टरांनी विचारलं तर मुलाला माहीतच नसतं की दादा कशाने गेले. 'अल्लाहची मर्जी' हे खरंच, पण मर्जीच्या आड माहिती गाडून टाकू नये.

आपल्या हातात काय?

अमेरिका आणि युरोपातल्या ५५ हजारांहून जास्त लोकांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा जनुकीय धोका सर्वात जास्त, त्यांच्यातही चांगल्या सवयी असलेल्यांना हृदयरोगाच्या घटना साधारण ४६ टक्के कमी झाल्या. सवयी चारच पाहिल्या होत्या : धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, चांगला आहार. चारपैकी तीन पाळणाऱ्यांनाही फायदा झाला. हा अभ्यास मुख्यतः ब्लॉकेजच्या आजाराचा आहे, पण पेटक्याच्या रुग्णालाही सवयी याच लागतात.

तंबाखू : पेटक्याचं सर्वात मोठं, टाळता येण्याजोगं कारण म्हणजे सिगारेट. 'दिवसाला दोनच' हाही बचाव नाही. आखाती देशांत कामाला गेलेली आपली मुलं हुक्का निरुपद्रवी समजतात, पण पाण्यातून आलेला धूरही धूरच असतो. गुटखा आणि मिश्रीतलं निकोटिनही धमन्या आखडवतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी कोपऱ्यावर तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. रमजानात माणूस चौदा तास सिगारेटशिवाय राहतो आणि इफ्तारनंतर पहिल्या मिनिटाला पेटवतो. चौदा तास जमलं, म्हणजे उरलेले दहाही जमवता येतील. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन त्यासाठी मदत करते.

जेवण : बिर्याणी, निहारी, पाया हे आपलं खाणं आहे, ते सोडून द्या असं आम्ही म्हणणार नाही. पण दावत आठवड्यातून चार वेळा झाली की ती रोजचंच जेवण होते. मटणाची चरबी बाजूला काढा, डालडा घरात आणू नका, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. बेकरीची खारी, नानकटाई, टोस्ट मोजून खा. इफ्तारला खजूर, फळं, चणे, दही पुढे ठेवा आणि भजी-समोसे थोडे. कोकणातल्या घरांना बांगडा-तारली स्वस्तात मिळतात, ती तळण्यापेक्षा कालवणात घाला. दिवसाचं एकूण मीठ एका सपाट चमच्याच्या आत ठेवा. लोणचं, पापड, वेफर्समधलं मीठही त्यात मोजलं जातं.

चालणं : आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. नमाजमुळे शरीराची हालचाल होते, पण तेवढ्याने दम वाढत नाही. पेटक्याचा त्रास असलेल्यांनी पहाटेच्या गारठ्यात न चालता असरनंतर चालावं. घरातल्या बायकांनाही हा अर्धा तास मिळाला पाहिजे. 'दिवसभर कामच तर करते' हे उत्तर पुरेसं नाही.

झोप आणि मन : रात्री दीडपर्यंत मोबाइल आणि पाचला उठणं, हे हृदयाला परवडत नाही. दुकानाची उधारी, मुलांचं शिक्षण, घरातले वाद, सगळं आत दाबून ठेवणारा माणूस जास्त सोसतो. बोला. घरात नाही तर मित्राशी बोला.

औषध आणि रोजा

पेटक्यावर मुख्य औषध म्हणजे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातल्या गोळ्या, जसं डिल्टियाझेम किंवा अॅम्लोडिपिन. त्या धमनीच्या स्नायूला सैल ठेवतात. त्रास पहाटे असेल तर डॉक्टर अनेकदा रात्री झोपताना गोळी देतात. बरं वाटलं म्हणून ही गोळी एकदम बंद करू नका, त्याने पेटका जोरात परत येऊ शकतो.

रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. बऱ्याच गोळ्यांची वेळ इफ्तार आणि सहरीला बसवता येते. डॉक्टरांनी रोजा ठेवू नका सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, आजारी माणसाला सवलत दीननेच दिली आहे. जिभेखालच्या गोळीने रोजा तुटतो का, हे आलिमांना आधीच विचारून ठेवा. छातीत दुखत असताना तो विचार करत बसायचं नाही. आधी गोळी.

कलौंजी, मध, हिजामा ज्यांना करायचं त्यांनी डॉक्टरांना सांगून करावं, पण गोळ्या थांबवून नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हिजामाआधी विचारणं आवश्यकच आहे.

दुखायला लागलं तर

लगेच बसा. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटसारखी गोळी जिभेखाली ठेवा. उभ्याने घेऊ नका, बीपी उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा घाम, चक्कर, श्वास लागणं सुरू झालं, तर १०८ ला फोन लावा. स्वतः बाइक चालवत जाऊ नका. दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेतल्या असतील तर जिभेखालची गोळी जीवघेणी ठरू शकते. लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना हे सांगाच.

त्या घरात पुढे काय झालं? मोठा भाऊ आता रात्रीची गोळी घेतो, सिगारेट सोडून सात महिने झाले, पहाटेचं दुखणं थांबलं आहे. धाकट्याने तपासण्या केल्या, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, उपचार सुरू आहेत. त्याची सिगारेट अजून पूर्ण सुटलेली नाही, पण दहावरून दोनवर आली. बहिणीच्या सासरच्यांना शेवटी अम्मीनेच सगळं सांगितलं. समोरून उत्तर आलं, 'आमच्याकडेही मामूंना असंच झालं होतं, आम्हीच बोललो नव्हतो.'

येत्या जुम्म्याला घरातली मंडळी एकत्र जेवायला बसतील, तेव्हा एक वही काढा आणि खानदानाचा कागद लिहायला घ्या. सर्वात वयस्क माणसापासून सुरुवात करा. त्यांच्या आठवणीतली एखादी नोंद तुमच्या मुलाच्या कामी येईल.